हरवले होते कोण?

क्युबाच्या संगीताविषयी गेली पंचवीस-तीस वर्षे जगभर एकच गोष्ट सांगितली जाते. हवाना शहरात काही म्हातारे गवई विस्मृतीत पडले होते. कोणी जोडे पॉलिश करीत होता, कोणाच्या घरचा पियानो वाळवीने खाल्ला होता. १९९६ साली एक अमेरिकन गिटारवादक तिथे गेला, त्याने या म्हाताऱ्यांना शोधून काढले, त्यांची तबकडी केली आणि सारे जग त्यांच्यामागे वेडे झाले.

गोष्ट गोड आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. पण आमच्या मते ती निम्मीच खरी आहे, आणि खोट्या निम्म्याने त्या कलावंतांवर अन्याय केला आहे. ज्या तबकडीमुळे ही गोष्ट पसरली, ती 'ब्वेना विस्ता सोशल क्लब', आमच्या अनेक वाचकांच्या घरी असेल. नसली तर लग्नाच्या हॉलमध्ये किंवा रेडिओवर कानावरून नक्की गेली असेल. म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

आधी झाले काय ते पाहू. निक गोल्ड या इंग्रज निर्मात्याच्या आणि राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाच्या मनात भलतेच काही होते. आफ्रिकेतल्या माली देशाचे वादक हवानात आणावेत आणि क्युबन वादकांबरोबर बसवावेत, असा त्यांचा बेत होता. मालीचे वादक काही पोहोचले नाहीत. हवानात मात्र हुआन दे मार्कोस गोन्सालेस नावाचा क्युबन संगीतकार आधीपासूनच जुन्या पिढीचे गायक-वादक गोळा करून आपली स्वतःची तबकडी करीत होता. गायक कुठे राहतो, वादक कोणत्या गल्लीत भेटेल, कोणाचा हात अजून चालतो, हे सारे ठाऊक होते ते त्याला. कूडर येऊन बसला तो या मांडलेल्या पंगतीत. मार्च १९९६ मध्ये एग्रेम या सरकारी कंपनीच्या जुन्या स्टुडिओत सहा दिवसांत ध्वनिमुद्रण उरकले. पुढच्या वर्षी तबकडी बाजारात आली, १९९८ साली तिला ग्रॅमी मिळाले आणि लाखो प्रती खपल्या. वेष्टनावर नाव मोठे झाले ते पाहुण्याचे. पंगत मांडणारा हुआन दे मार्कोस आज किती जणांना आठवतो?

आता ते 'सापडलेले' म्हातारे कोण होते ते पाहावे.

इब्राहिम फेरेर १९२७ साली सांतियागोजवळ जन्मला, बाराव्या वर्षी पोरका झाला आणि तेव्हापासून गाऊ लागला. पाचो आलोन्सोच्या 'लोस बोकुकोस' या वाद्यवृंदात तो अनेक दशके गायला. १९६२ साली हा वृंद युरोपच्या दौऱ्यावर होता, पॅरिस आणि मॉस्कोपर्यंत गेला होता. १९९१ साली तो निवृत्त झाला. त्यानंतर पेन्शन पुरेना म्हणून त्याने जोडे पॉलिश केले, हे खरे आहे. पण चाळीस वर्षे गायलेल्या माणसाची ओळख शेवटच्या पाच वर्षांवरून करून देणे हा कुठला न्याय? फेरेर लहान असताना आणि मोठा झाल्यावरही त्याला लोक द्रुत लयीचा गायक समजत. बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत, त्याच्या वाट्याला फारसे आले नाही. सत्तरीला टेकल्यावर ती संधी मिळाली आणि त्याने तिचे सोने केले. त्याच्या कहाणीतला खरा चटका इथे आहे: जे गाण्याची हौस होती ते गायला मिळण्यासाठी त्याला जन्मभर थांबावे लागले.

सन २००० मध्ये लॅटिन ग्रॅमीच्या पहिल्याच समारंभात फेरेरला पारितोषिक मिळाले. कोणते? उत्कृष्ट नवोदित कलावंत! वय वर्षे त्र्याहत्तर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला मात्र त्यात त्या गोष्टीचा सारा दोष दिसतो. आम्ही ज्याला आज ऐकले तो आज जन्मला, असे समजणारे हे जग आहे.

रुबेन गोन्सालेसचा पियानो घ्या. १९४० च्या दशकात तो अर्सेनियो रोद्रिगेसच्या वृंदात होता. अर्सेनियो हा आंधळा वादक. त्याने 'सोन' या लोकसंगीताला पियानो, कोंगा आणि जादा ट्रम्पेट जोडून त्याचे रूपच पालटले. पुढे रुबेनने चा-चा-चा या नृत्यप्रकाराचा जनक एन्रिके होरिन याच्या वृंदात सुमारे पाव शतक पियानो वाजवला. क्युबन पियानोचा विसाव्या शतकातला इतिहास लिहायचा तर हा माणूस त्याच्या मध्यावर बसलेला दिसेल. संधिवाताने बोटे आखडली होती, घरी पियानो नव्हता, हे सर्व खरे. पण स्टुडिओतल्या पियानोवर बसताच जे बाहेर आले ते पन्नास वर्षांच्या रियाजाचे होते. दैवी चमत्कार वगैरे काही नाही.

कोंपाय सेगुंदो हा सर्वांत वडील, १९०७ चा. त्याचे खरे नाव फ्रान्सिस्को रेपिलादो. दुसरा आवाज लावायचा म्हणून 'सेगुंदो'. तरुणपणी त्याने बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवला, मिगेल मातामोरोसच्या वृंदात काम केले, लोरेन्सो इएर्रेसुएलोबरोबर 'लोस कोंपाद्रेस' ही जोडी गाजवली. स्वतःला हवा तसा नाद मिळावा म्हणून सात तारांचे गिटारसारखे वाद्य तयार केले. मधली कित्येक वर्षे चिरूटांच्या कारखान्यात विड्या वळाव्यात तसे चिरूट वळले. कूडर हवानात उतरण्यापूर्वीच स्पेनमधल्या रसिकांनी त्याला बोलावून ऐकले होते आणि त्याच्या गाण्यांचा संग्रहही तिथे निघाला होता. 'चान चान' हे ज्या गाण्याने ही तबकडी सुरू होते ते त्याचेच, आणि तेही १९८० च्या दशकातले, म्हणजे म्हातारपणी रचलेले. विस्मृतीत पडलेला माणूस अशी नवी गाणी रचत बसतो काय?

आणि ओमारा पोर्तुओन्दो? ती तर कधी पडद्याआड गेलीच नव्हती. १९५२ साली निघालेल्या 'क्वार्तेतो द'आइदा' या चार मुलींच्या गायनचमूत ती होती, १९५९ मध्ये तिची स्वतंत्र तबकडी निघाली, क्युबात घरोघरी तिचे नाव होते. कूडरच्या मंडळींना बाईचा आवाज हवा होता तेव्हा ती त्याच इमारतीत आपल्या कामासाठी आली होती. जिना चढून जाऊन कोणाला बोलावणे याला शोध लावणे म्हणत नाहीत.

मग प्रश्न उरतो की हे लोक विसरले होते तरी कोणाकडून? उत्तर दुहेरी आहे. बाहेरच्या जगापुरते बोलायचे तर अमेरिकेच्या व्यापारबंदीने क्युबाच्या तबकड्यांची वाट अडवली होती. कूडरलाही या ध्वनिमुद्रणाबद्दल अमेरिकन सरकारने दंड केला. घराच्या आतली बाजूही झाकून ठेवू नये. १९५९ च्या क्रांतीनंतर जुने नाइट क्लब बंद झाले किंवा सरकारजमा झाले. वादक पगारी नोकर झाले. तरुण मंडळी 'लोस व्हान व्हान'च्या आणि 'इराकेरे'च्या नव्या संगीताकडे वळली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर तर खाण्याचेच हाल झाले, तिथे जुन्या बोलेरोची कोणाला पडली होती! तेव्हा दुर्लक्ष झाले हे मान्य. पण दुर्लक्ष होणे वेगळे आणि हरवणे वेगळे. ते आपल्या जागीच होते. त्यांच्यापर्यंत जाणारे रस्ते बंद झाले होते.

आता तबकडीकडे वळू, कारण शेवटी निवाडा कानांनी करायचा असतो.

'सोन' ऐकताना दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर पुष्कळ समजते. पहिली 'क्लावे'. दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून पाच ठोके वाजतात, एकदा तीन आणि एकदा दोन. बाकीची सारी वाद्ये या पाच ठोक्यांच्या खुंट्याला बांधलेली असतात. कधी कधी दांडक्या वाजतही नाहीत, पण सगळ्यांच्या मनात वाजत असतात. दुसरी गोष्ट 'मोन्तुनो'. गाण्याचा पहिला भाग रचलेला असतो; मग एक वळण येते आणि साथीदार एकच ओळ धरून बसतात, मुख्य गायक त्या ओळींच्या मधल्या जागेत आयत्या वेळी सुचेल ते भरत जातो. आपल्याला हे नवे नाही. पोवाड्यात शाहीर आणि झीलकरी असतात, आपल्या कीर्तनात ध्रुपद सगळे मिळून म्हणतात आणि कीर्तनकार पुढचे पद घेतो, तसाच हा व्यवहार. गायकाची परीक्षा मोन्तुनोत होते.

या कसोटीवर तबकडी उतरते का? बहुतांशी उतरते. कोंपायचा खालचा, खरखरीत आवाज आणि एलियादेस ओचोआचा वरचा, खेडवळ आवाज एकमेकांत मिसळतात तेव्हा दोन माणसे एका घोंगडीत बसल्यासारखी वाटतात. फेरेर बोलेरो गाताना स्वर कधी ताणत नाही. शब्द जिभेवर थोडा रेंगाळू देतो आणि सोडून देतो. रुबेनचा उजवा हात खोडकर पोरासारखा पळतो, पण डावा हात घरातल्या कर्त्या माणसासारखा जागा सोडत नाही. आणि सर्वांच्या खाली काचाइतो लोपेसचा बास. हा ऐकला नाही तर काहीच ऐकले नाही.

पण आमची तक्रारही आहे. तबकडीवर संथपणा जरा जास्त आहे. गाणी मावळतीच्या उन्हात ठेवल्यासारखी वाटतात आणि कूडरची तारेवर घसरणारी गिटार मधूनमधून धुक्यासारखी पसरते. 'चान चान'मध्ये ती शोभते. इतरत्र दोन म्हाताऱ्यांच्या गप्पांत पाहुण्याने मान डोलवत हुंकार भरावा तशी वाटते. आमचे म्हणणे पटत नसेल तर हुआन दे मार्कोसने त्याच स्टुडिओत, त्याच सुमारास केलेली 'आफ्रो-क्युबन ऑल स्टार्स'ची तबकडी ऐकावी. तिथेही फेरेर आहे, रुबेन आहे. पण त्यांच्या शेजारी तरुण वादक आहेत, पितळी वाद्यांचा दणका आहे, लय चढती आहे. तिथे म्हातारे म्हातारे वाटत नाहीत, उस्ताद वाटतात. हे संगीत नाचण्यासाठी जन्मले, हे तिथे कळते. जगाने मात्र हुरहूर लावणारी तबकडी डोक्यावर घेतली. जगाला क्युबा तसाच हवा होता: पडक्या भिंती, जुन्या मोटारी आणि सुरकुतलेले हसरे चेहरे.

१९९९ साली व्हिम व्हेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाने काढलेल्या माहितीपटाने हे चित्र पक्के केले. चित्रपटात मने जिंकणारे प्रसंग आहेत. रुबेन पियानो वाजवतो आणि भोवती व्यायामशाळेतली मुले खेळतात, तो प्रसंग कोण विसरेल? पण कॅमेरा त्यांना जन्म कुठला, गरिबी कशी, हे विचारतो आणि गाणे रंगात येते न येते तोच कापतो. तुम्ही हा सूर इथे का लावलात, हा वृंद बांधला कसा, हे फारसे विचारत नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ते थक्क होऊन पाहतात ते मात्र आवडीने दाखवतो. कार्नेगी हॉलमध्ये गाणाऱ्या कलावंतांना जत्रेला आलेल्या खेडुतांसारखे दाखवावे, हे आम्हाला रुचले नाही.

या गोष्टीत आणखी एक मोठी उणीव आहे. तिच्यात फक्त मागे राहिलेले आहेत. निघून गेलेले नाहीत.

काचाइतोच्या बासचा उल्लेख वर केला. त्याचे वडील ओरेस्तेस आणि काका इस्राएल या लोपेस बंधूंनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस दान्सोन या जुन्या नृत्यसंगीताला नवी गती दिली आणि त्यातून माम्बो जन्माला आला. (काकांचे नाव वाचून आमच्या वाचकांनी उगीच नाते जोडू नये, क्युबातल्या ख्रिस्ती घरांतही हे नाव ठेवतात.) हे काका जगाला 'काचाओ' म्हणून ठाऊक आहेत. ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस देश सोडून गेले. वडील राहिले, मुलगा राहिला. ज्या रचनेवरून या तबकडीला नाव मिळाले तीही याच लोपेस घरातली. म्हणजे तबकडीच्या पायातच एक दुभंगलेले घर आहे, पण वेष्टनावरच्या गोष्टीत त्याला जागा नाही.

ओमाराचीही कथा तशीच. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिचा चमू मायामीत गात असताना दोन्ही देशांचे संबंध फाटले. ओमारा हवानाला परतली. तिची सख्खी बहीण आयदे, जी त्याच चमूत गात होती, ती अमेरिकेत राहिली.

आणि सेलिया क्रूझ. जुलै १९६० मध्ये 'सोनोरा मातान्सेरा' या वृंदाबरोबर ती मेक्सिकोला गेली आणि पुन्हा घरी आलीच नाही. १९६२ साली आई वारली तेव्हा तिला अंत्यविधीसाठी येऊ दिले नाही. अमेरिकेत ती साल्सा संगीताची राणी झाली. मायदेशाच्या रेडिओवर तिचा आवाज कित्येक वर्षे बंद राहिला. १९९० साली ती ग्वांतानामोच्या अमेरिकन तळावर गायला गेली तेव्हा तिथून मूठभर क्युबन माती घेऊन आली. १६ जुलै २००३ रोजी ती न्यू जर्सीत वारली आणि न्यूयॉर्कमध्ये ती माती बरोबर घेऊन पुरली गेली. तिच्या आधी तीनच दिवस, १३ जुलैला, हवानात कोंपाय सेगुंदो गेला होता. त्याला सांतियागोत, आपल्या माणसांत पुरले. एका आठवड्यात एकाच संगीताची दोन माणसे गेली. दोन ठिकाणी दोन वेगळे शोक झाले.

एक भाऊ इकडे आला आणि एक मुंबईत किंवा ठाण्यात राहिला, असे घर आमच्या वाचकांपैकी कोणाला ठाऊक नाही? आपले दैव एवढे बरे की आपली वाट दोन्ही बाजूंनी उघडी राहिली. लग्नाला, मयताला, निदान जमेल तेव्हा जाता आले. गेलेल्याचे गाणे एक आणि राहिलेल्याचे गाणे दुसरे, असे आपण कधी म्हटले नाही. क्युबन संगीताच्या चाहत्यांनी मात्र तसे म्हटले. मायामीत ब्वेना विस्ताकडे वाकड्या नजरेने पाहणारे होते आणि हवानात सेलियाचे नाव न घेणारे होते.

म्हणून आम्हाला ब्वेना विस्तापेक्षा दुसरी एक तबकडी जवळची वाटते. बेबो वाल्देस हा १९५० च्या दशकात हवानाच्या त्रोपिकाना क्लबचा पियानोवादक आणि संगीत-संयोजक. १९६० साली तो देश सोडून गेला, स्वीडनमध्ये लग्न करून स्थायिक झाला आणि स्टॉकहोमच्या हॉटेलांत, जेवणाऱ्या लोकांच्या गोंगाटात, कित्येक वर्षे पियानो वाजवीत राहिला. १९९४ साली पाकितो द'रिव्हेरा या दुसऱ्या स्थलांतरित वादकाने त्याला बोलावून पुन्हा ध्वनिमुद्रण करायला लावले. २००३ साली स्पेनचा फ्लामेन्को गायक दिएगो एल सिगाला याच्याबरोबर त्याने 'लाग्रिमास नेग्रास' ही तबकडी केली. तिचे नाव ज्या गाण्यावरून आले ते मिगेल मातामोरोसचे, म्हणजे ज्याच्या वृंदात कोंपाय होता त्याचे. गाणे एकच, एकाने ते हवानात जपले, एकाने स्टॉकहोममध्ये.

या तबकडीत पाहुणा आणि यजमान एका पातळीवर आहेत. सिगालाचा आवाज जिप्सी वस्तीतला, फाटका आणि पेटलेला. बेबोचा पियानो शांत, मोजका. एकजण रडतो तेव्हा दुसरा त्याला रडू देतो, पण ताल सोडू देत नाही. पंच्याऐंशीच्या घरातला हा माणूस कोणाची कीव मागत नाही. बेबोचा मुलगा चुचो हाही थोर पियानोवादक. तो क्युबातच राहिला आणि १९७३ साली त्याने 'इराकेरे' हा वृंद उभा केला. १९७८ मध्ये इराकेरे न्यूयॉर्कला आला तेव्हा बापलेक अठरा वर्षांनी भेटले. तीस वर्षांनी, २००८ मध्ये, दोघांची दोन पियानोंची तबकडी निघाली. ती ऐकताना कोणता हात बापाचा आणि कोणता मुलाचा हे ओळखू पाहावे. पुष्कळदा ओळखता येत नाही. राजकारणाने केलेली फाळणी हातांपर्यंत पोहोचली नव्हती.

ब्वेना विस्ताच्या तबकडीने या माणसांचे भले केले, यात शंका नाही. म्हातारपणी पैसा आला, जग पाहायला मिळाले, टाळ्या कानांनी ऐकता आल्या. कित्येक कलावंतांना हे भाग्य मेल्यानंतरच मिळते. अर्सेनियो रोद्रिगेस, ज्याच्या खांद्यावर हे सारे संगीत उभे आहे, तो १९७० साली लॉस एंजेलिसमध्ये वारला तेव्हा कोणी कॅमेरा घेऊन गेले नव्हते. तेव्हा कूडरचे उपकार नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. आमचा आक्षेप 'शोध' या शब्दाला आहे. कलावंताची कीव केली की त्याची कला ऐकायची राहून जाते. मनुष्य किती गरीब होता हे ऐकून आपण सद्गदित होतो आणि त्याने सूर कुठे ठेवला तिकडे कान जात नाही.

वाचकांना आमची एक विनंती आहे. ही तबकडी घरी असेल तर पुन्हा लावावी, पण या वेळी वेष्टनावरची कहाणी बाजूला ठेवून. आधी काचाइतोच्या बासवर कान ठेवावा, मग रुबेनच्या डाव्या हातावर, मग क्लावेचे पाच ठोके बोटांवर मोजून पाहावेत. लगेच हुआन दे मार्कोसची तबकडी लावावी आणि त्यानंतर बेबोची. तिन्ही मिळून अडीच-तीन तासांचे काम आहे. शब्बाथ संपल्यावरची एक संध्याकाळ पुरते. घरातली नातवंडे विचारतील की हे आजोबा कोण गात आहेत, तेव्हा त्यांना जोडे पॉलिश करणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगू नये. हा इब्राहिम फेरेर, सांतियागोचा गायक, असे सांगावे.